अपराजित संघ आणि आमची अकरा जणांची गाडी

मागच्या पावसाळ्यात यवतमाळच्या कोर्टातून परत येऊन आम्ही चेंबरमध्ये फायली लावत बसलो होतो. शेजारच्या वस्तीतली कॉलेजची तीन-चार पोरे आली. त्यातला एक कबड्डी खेळतो, दुसरा खो-खो. जातपडताळणीच्या कागदांसाठी आली होती. कागद बघून झाल्यावर एकाने मोबाईल पुढे केला. पडद्यावर डोक्यात लोखंडी जाळीचे शिरस्त्राण आणि खांद्यावर गाद्या बांधलेले धिप्पाड गडी एकमेकांवर आदळत होते.

"वकीलसाहेब, याले फुटबॉल म्हणतेत का जी? हे तं हातानं खेळून राहिले."

पोराचा प्रश्न बरोबर होता. आम्ही त्याला सांगितले की हा अमेरिकेचा फुटबॉल आहे आणि आपल्या फुटबॉलशी त्याचे नाते नावापुरतेच आहे. मग त्याने विचारले, "आपल्याले काय करायचं त्याचं?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आम्हाला नीट देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे.

आधी खेळ समजून घेऊ. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात. मैदान शंभर यार्डांचे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्यांकडे जातो. चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली की टचडाऊन, त्याचे सहा गुण. आपल्या पोरांना कळेल अशा भाषेत सांगायचे तर यात चढाई आहे, पकड आहे आणि जमीन जिंकत पुढे जाणे आहे. कबड्डीच्या पोराला हा खेळ समजायला अर्धा तास पुरे.

या खेळाचा जन्म कॉलेजात झाला. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत पहिला सामना झाला असे मानतात. आजही तिथे कॉलेजच्या संघाचा मोसम म्हणजे गावाचा सण असतो. सप्टेंबरात मोसम सुरू होतो, नोव्हेंबरअखेर संपतो. ज्यांनी चांगला खेळ केला त्यांना नववर्षाच्या सुमारास होणाऱ्या मोठ्या सामन्यांचे बोलावणे येते. या सामन्यांना बाऊल म्हणतात. बोलावणे हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. त्या काळी बाऊलमध्ये कोणी खेळायचे हे गुणतक्त्यावर ठरत नसे. ज्यांच्या हाती आयोजन, ते बोलावणार. पंगतीला कोणाला बसवायचे हे जसे यजमान ठरवतो, तसेच हे.

आता एका संघाची, एका मोसमाची गोष्ट. साल १९५१. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ आहे. जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती धर्मगुरूंनी चालवलेली ही संस्था. त्यांच्या फुटबॉल संघाला डॉन्स म्हणत. प्रशिक्षक होते जो कुहारिच. संघात गोरी पोरे होती, त्यातली बरीच बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या कष्टकऱ्यांची. जिनो मार्केटी हा इटालियन वंशाचा गडी दुसऱ्या महायुद्धात आघाडीवर लढून आला होता. बॉब सेंट क्लेअर हा ताडमाड उंच. आणि याच संघात दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते, ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर.

त्या वर्षी डॉन्सनी नऊ सामने खेळले आणि नऊही जिंकले. न्यूयॉर्कला जाऊन फोर्डहॅम विद्यापीठाला ३२-२६ असे हरवले. पॅसिफिक कॉलेजचा संघ बाऊलचा दावेदार मानला जात होता, त्याला ४७-१४ असे लोळवले. शेवटचा सामना लोयोलाविरुद्ध, तोही २०-२ असा खिशात घातला. मॅटसन त्या मोसमात चेंडू घेऊन १,५६६ यार्ड धावला. देशातल्या सगळ्या कॉलेजांत त्याच्यापेक्षा जास्त कोणी धावले नाही. टोलर समोरच्याला असा पाडायचा की उठायला वेळ लागे.

आता बोलावणे यायला हवे होते. पैशांचाही प्रश्न होता. विद्यापीठाला फुटबॉल परवडत नव्हता, तोटा वाढत होता. एका मोठ्या बाऊलचे उत्पन्न मिळाले असते तर संघ टिकला असता. मोठे बाऊल बहुतेक दक्षिणेत होते, आणि दक्षिणेत वर्णभेदाचे कायदे होते. शाळा वेगळी, पाण्याचा नळ वेगळा, बसमधली जागा वेगळी. तिकडून संघापर्यंत निरोप पोचला. बोलावणे मिळेल, पण एक अट आहे. त्या दोघांना घरी ठेवून या.

अट नवी नव्हती. उत्तरेकडची कित्येक नामांकित कॉलेजे दक्षिणेशी खेळताना आपले कृष्णवर्णीय खेळाडू मुकाट्याने मागे ठेवत. याला तिकडे 'सभ्य गृहस्थांचा समझोता' असे गोंडस नाव होते. कुठे लिहिलेले नसायचे, पण सगळ्यांना माहीत असायचे. आपल्याकडे गावोगावी असे किती 'समझोते' अजून चालतात, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

डॉन्सचे उत्तर एका शब्दाचे होते. नाही. गेलो तर सगळे जाऊ, नाही तर कोणीच जाणार नाही.

बोलावणे आले नाही. नऊपैकी नऊ सामने जिंकलेला संघ घरी बसला. मोसम संपल्यावर विद्यापीठाने खर्चामुळे मोठ्या फुटबॉलचा संघच बंद केला. अपराजित, एकही बरोबरी नाही आणि बोलावणेही नाही, अशी त्या संघाची ओळख पुढे अमेरिकेच्या क्रीडा इतिहासात कायम झाली.

इथे आपल्याकडचे व्यवहारी लोक म्हणतील, काय मिळवले? दोघांना मागे ठेवले असते तर संघ वाचला असता, पुढच्या वर्षी त्या दोघांनाही खेळता आले असते. हा युक्तिवाद आम्ही कोर्टात आणि कोर्टाबाहेर शंभरदा ऐकला आहे. 'आत्ता जरा सांभाळून घ्या, पुढच्या वेळी बघू.' पुढची वेळ कधी येत नाही, आणि दरवेळी सांभाळून घ्यायची पाळी त्याच दोघांवर येते.

आता त्या पोरांचे पुढे काय झाले ते पाहा. त्या एका संघातून मॅटसन, मार्केटी आणि सेंट क्लेअर असे तिघे पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या सर्वोच्च सन्मान यादीत गेले. एका कॉलेजच्या एका संघातून तिघे, हा दुर्मीळ मान आहे. टोलरचा गुडघा १९५२ मध्ये एका प्रदर्शनी सामन्यात निकामी झाला आणि त्याचे खेळणे थांबले. त्याने शिक्षणाचा मार्ग धरला, तो शाळेचा मुख्याध्यापक झाला. १९६५ साली तो अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमधला पहिला कृष्णवर्णीय पंच बनला. ज्याला मैदानात येऊ नको म्हणून सांगितले होते, त्याच्या शिट्टीवर पुढे मैदान थांबू लागले.

मॅटसन धावपटूही होता. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्याने ४०० मीटरमध्ये कांस्य आणि रिले शर्यतीत रौप्यपदक मिळवले. हेलसिंकी म्हटले की मराठी वाचकाला दुसरे नाव आठवते. गोळेश्वरचे खाशाबा जाधव. त्याच ऑलिम्पिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. जाण्यासाठी पैसे नव्हते तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर सात हजार रुपयांना गहाण ठेवले. खेळाडूमागे कोणीतरी आपले काहीतरी पणाला लावून उभे राहते, तेव्हा पदक येते. डॉन्सच्या गोऱ्या पोरांनी मोसम पणाला लावला, खर्डेकरांनी घर. पणाला काहीच न लावता नुसती शाबासकी देणारे मात्र ढिगाने मिळतात.

आता थोडे मागे जाऊ. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर गेलेला हा तरुण ग्रंथालय उघडण्याआधी दारात उभा असायचा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याच कोलंबियाने १९०५ च्या मोसमानंतर फुटबॉल बंद केला होता. खेळ फार जीवघेणा झाला होता, देशभरात पोरे मरत होती. दहा वर्षांनी, १९१५ मध्ये, बाबासाहेब तिथे असतानाच तो पुन्हा सुरू झाला आणि त्या पहिल्या मोसमात कोलंबियाचा संघ एकही सामना हरला नाही. ग्रंथालयात मान खाली घालून बसलेल्या त्या विद्यार्थ्याला मैदानावरच्या जल्लोषाशी काही देणेघेणे होते, असा दावा आम्ही करणार नाही. त्यांना वेळेची किंमत माहीत होती.

पण त्याच वर्षी, तिथून फार दूर नसलेल्या रटगर्स कॉलेजात एक कृष्णवर्णीय विद्यार्थी दाखल झाला. त्याचे नाव पॉल रोबसन. बाप गुलामगिरीतून पळून आलेला. पोरगा अभ्यासात हुशार, आवाज ढगासारखा आणि फुटबॉलमध्ये वाघ. सरावाच्या पहिल्या दिवसांत स्वतःच्याच संघातल्या गोऱ्यांनी त्याला तुडवून काढले. तो टिकला. १९१६ साली दक्षिणेतला वॉशिंग्टन अँड ली या कॉलेजचा संघ रटगर्सशी खेळायला आला. कृष्णवर्णीय खेळाडूविरुद्ध खेळणार नाही, असे त्यांनी सांगितले. रटगर्सने काय केले? पाहुण्यांचे ऐकले. रोबसन बाकावर बसला आणि संघ खेळला.

पुढे १९१७ आणि १९१८ या दोन्ही वर्षी रोबसनची गणना देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंत झाली. मग तो कोलंबियाच्या लॉ स्कूलमध्ये गेला आणि १९२३ साली कायद्याचा पदवीधर झाला. एका कचेरीत वकिली सुरू केली, तर तिथल्या गोऱ्या लघुलेखिकेने त्याचे मजकूर उतरवून घ्यायला नकार दिला. त्याने वकिली सोडली आणि जगाला एक थोर गायक-नट मिळाला. आम्ही वकील आहोत, म्हणून हा प्रसंग आम्हाला विसरता येत नाही. बॅरिस्टर झालेल्या बाबासाहेबांनाही मुंबईत पक्षकार मिळायला किती त्रास झाला, हे आपण जाणतो.

म्हणजे १९१६ साली रटगर्सने आपला माणूस बाकावर बसवला, आणि १९५१ साली सॅन फ्रान्सिस्कोने बसवला नाही. मध्ये पस्तीस वर्षे गेली. कायदा मात्र बदलला नव्हता. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४ चा. त्याच्या तीन वर्षे आधी कॉलेजच्या पोरांनी आपल्यापुरता निकाल दिला होता.

१९५१ चा तो शरद ऋतू आपल्यासाठीही साधा नव्हता. डॉन्सचा मोसम नुकता सुरू झाला होता तेव्हा, २७ सप्टेंबर १९५१ रोजी, बाबासाहेबांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. कारणे अनेक होती, पण मुख्य कारण हिंदू कोड बिल. स्त्रियांना वारसा, घटस्फोट, माणूस म्हणून हक्क देणारा कायदा अडवला गेला, आणि कायदामंत्री खुर्ची सोडून बाहेर पडले. त्या प्रश्नावर त्यांच्याबरोबर मंत्रिमंडळातून दुसरे कोणी उठले नाही. पुढच्याच निवडणुकीत बाबासाहेब मुंबईत पराभूत झाले. पण १९५५-५६ मध्ये त्याच विधेयकाचे तुकडे करून कायदे करावे लागले. खुर्ची सोडणाऱ्याचे नुकसान झाले, पण त्याने मांडलेला मुद्दा मेला नाही.

खेळाच्या मैदानावरही आपला इतिहास आहे. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. पण संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. पुण्यात सुरुवातीच्या काळात सहकारी आत चहा पीत आणि बाळूंना बाहेर वेगळ्या भांड्यात मिळे. १९२० साली कर्णधारपदाच्या वादात जातीचा वास आला तेव्हा त्यांचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने स्पर्धा जिंकली. लढा वाया गेला नाही.

मात्र दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. सॅन फ्रान्सिस्कोत ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्यासाठी बाकीचे थांबले. आपल्याकडे ज्यांच्यावर अन्याय झाला तेच बाहेर पडले आणि बाकीचा संघ खेळत राहिला. हा फरक आम्हाला झोप येऊ देत नाही. त्याला एक खाजगी कारण आहे, ते आता सांगतो.

१९९९-२००० चे वर्ष. आम्ही जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकत होतो आणि कबड्डीच्या संघाचे कर्णधार होतो. संघ बारा जणांचा. त्यात एक पोरगा पारधी बेड्यावरचा होता. चढाईला गेला की दोन-तीन गडी मारल्याशिवाय परत येत नसे. पायात चपला नसायच्या, पण रेषेवरचा पाय कधी चुकायचा नाही. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसाठी दुसऱ्या तालुक्याच्या गावी जायचे होते. मुक्काम एका शाळेच्या खोल्यांत. निघायच्या आदल्या दिवशी यजमानांकडून निरोप आला. मागे तिथे चोरी झाली होती, म्हणून 'त्या पोराला' मुक्कामाला आणू नका. आमच्या क्रीडाशिक्षकांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले, पुढच्या वेळी नेऊ त्याला, आत्ता वाद नको.

सकाळी एसटी फाट्यावर थांबली. तो पिशवी घेऊन उभा होता. त्याला कोणी सांगितलेच नव्हते. सरांनी खिडकीतून काहीतरी सांगितले. त्याने मान हलवली. गाडी सुटली.

आम्ही त्या गाडीत बसलो होतो. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो होता. आमच्या बापाने चवदार तळ्याची गोष्ट आम्हाला तोंडपाठ करून घेतली होती. वस्तीत १४ एप्रिलला आम्ही भाषण ठोकत होतो. आणि तरीही आम्ही खाली उतरलो नाही. कारण सोपे होते. अट आमच्याबद्दल नव्हती. आम्हाला आत जागा होती.

ती स्पर्धा आम्ही जिंकली. चषकासोबत काढलेल्या फोटोत अकरा जण आहेत. तो पोरगा त्या वर्षानंतर कॉलेजात दिसला नाही.

दहा-बारा वर्षांनी तो आम्हाला कोर्टाच्या व्हरांड्यात भेटला. नातेवाइकाच्या जामिनासाठी आला होता. गावात चोरी झाली की आधी बेड्यावर गाडी जाते, हा तसाच प्रकार. त्याने आम्हाला ओळखले आणि 'कॅप्टन' म्हणून हाक मारली. जामिनाचे काम झाले. फी आम्ही घेतली नाही, आणि त्यात काही मोठेपणा नव्हता. निघताना आम्ही तो जुना विषय काढला, त्या दिवशी आमचे चुकले म्हणालो. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "जाऊ द्या जी. मी फाट्यावर उभा होतो, तुमी गाडीत होते. इतकंच झालं."

इतकंच झालं. एवढेच वाक्य. त्यात शिवी नव्हती, रागही नव्हता. आम्ही पुष्कळ उलटतपासण्या घेतल्या आहेत, पण इतकी नेमकी साक्ष दुसरी ऐकली नाही.

१८७१ च्या कायद्याने या देशातल्या कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. शिक्का गेला नाही, आणि तो गेला नाही याला फक्त मनुवादी जबाबदार आहेत असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपल्यावर अन्याय झाला की आपण रस्त्यावर येतो, यायलाच हवे. पण आपल्याहून एक पायरी खाली ढकललेल्या माणसाला कोणी फाट्यावर उभे करते, तेव्हा आपण गाडीत काय करत असतो? बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता हीच. प्रत्येकाला आपल्या खालच्या पायरीवर कोणीतरी दिसतो, आणि तो दिसल्यावर माणूस आपली पायरी धरून बसतो.

वकील म्हणून कायदा सांगणे आमचे कर्तव्य आहे. संविधानाच्या कलम १५ प्रमाणे शासनाच्या पैशाने राखलेल्या विहिरी, तलाव, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा वापरायला जातीच्या कारणाने कोणालाही मज्जाव करता येत नाही. आमच्या मते खेळाचे सार्वजनिक मैदान ही अशीच राबत्याची जागा आहे. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक राबत्याच्या जागेपासून अडवणे हा त्यात गुन्हा आहे. म्हणजे अडवणाऱ्यासाठी कायदा आहे. पण गाडीत बसून राहिलेल्या अकरा जणांसाठी कोणत्याही कायद्यात कलम नाही. ते कलम त्या अकरा जणांनाच लिहावे लागते.

मग करायचे काय? आम्ही तीन साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली, यवतमाळ, पुसद, वणी, दिग्रस, उमरखेड, पांढरकवडा, जिथे जिथे आपली पोरे कॉलेजच्या संघात आहेत, तिथे मोसम सुरू होण्याआधी संघाने एकत्र बसून ठरवावे. खेळाच्या गुणांवर निवडलेला कोणीही जात, जमात, धर्म किंवा वस्तीच्या नावाखाली मागे ठेवला गेला, तर संघ जाणार नाही. हे कर्णधाराने कागदावर लिहून क्रीडाशिक्षकांकडे द्यावे. लिहिलेले असले की ऐनवेळी धीर येतो. त्या दिवशी आमच्या खिशात असा कागद असता तर कदाचित आम्ही उतरलो असतो. कदाचित म्हणतो, कारण खात्री देण्याचा अधिकार आम्ही गमावला आहे.

दुसरी, तोंडी अट कोणीही घातली तर ती लेखी मागावी. 'सभ्य गृहस्थांचा समझोता' तोंडीच चालतो. कागदावर सही करायची वेळ आली की यातले निम्मे सभ्य गृहस्थ पळून जातात.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. कित्येक कोलाम, गोंड, पारधी आणि बंजारा पोरे मैदानावर कोणाला हरत नाहीत, पण दाखल्यापाशी हरतात. जन्माची नोंद नाही, जातीचा दाखला नाही, बापाचे नाव दोन कागदांवर दोन प्रकारे लिहिलेले. राज्यात २००५ पासून गुणवंत खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, पण ज्याचा पात्रता अर्जच अपुरा राहिला त्याच्यापर्यंत ते पोचणार कसे? यवतमाळात समता मैदानावर दरवर्षी फुले-आंबेडकरी विचारांचे मोठे कार्यक्रम होतात. तिथे एका कोपऱ्यात टेबल टाकून तरुण वकिलांनी खेळाडूंचे कागद तपासून द्यावेत. आम्ही बसायला तयार आहोत.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे परत येतो. आपल्याले काय करायचं त्याचं? एक तर या खेळाचा सौम्य अवतार, ज्याला फ्लॅग फुटबॉल म्हणतात, तो २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी मंजूर झाला आहे, आणि ही मंजुरी ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईतच झालेल्या ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात मिळाली. त्यात अंगावर आदळणे नाही. कमरेला बांधलेली पट्टी ओढली की पकड झाली. एका बाजूला पाचच खेळाडू. शिरस्त्राण नको, गाद्या नकोत. मोकळे मैदान आणि एक चेंडू असला की झाले. २०१२ साली भारतात या खेळाची एक व्यावसायिक लीग निघाली होती, त्यात पुण्याच्या नावाचाही संघ होता. कबड्डी-खो-खोच्या पोरांनी मनात आणले तर त्यांना हा खेळ अवघड नाही. शिकायला काय हरकत आहे?

पण त्याहून मोठे कारण ते १९५१ चे आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. तिकडचा लढा आणि इकडचा लढा यांचे नाते त्यांनी ओळखले होते. १९७२ साली इथल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतले तेही याच नात्यातून. त्या नात्यातली ही एक गोष्ट आपल्या पोरांना माहीत असावी. कोणीतरी कुठेतरी सगळे जिंकलेले असताना, दोन मित्रांसाठी, घरी बसून राहिले होते.

आमच्या कॉलेजातला तो चषक अजून असेल, कदाचित काचेच्या कपाटात. या मोसमात तुम्ही गाडीत बसाल तेव्हा सुटण्याआधी एकदा डोकी मोजा. बारा भरली तरच कंडक्टरला घंटी वाजवू द्या.